पहिला कॅमेरा घेण्यापूर्वी

(मिरज येथील युवा शिबिरात छायाचित्रणाच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, काल रात्री जेवणानंतर तुमच्यातले पाच-सहा जण माझ्याभोवती बसले होते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आपा, कोणता कॅमेरा घेऊ?" कुणी मोबाईलवर दोन मॉडेल शेजारी शेजारी उघडून दाखवत होते. एक मुलगी म्हणाली, "अब्बांनी चाळीस हजार द्यायचे कबूल केले आहे, पण एकदाच, असे बजावलेय." त्या 'एकदाच' शब्दाने माझी झोप उडाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून एवढी रक्कम एकदाच निघते. ती चुकीच्या ठिकाणी गेली तर कॅमेरा कपाटात जातो, आणि पोरीला पुन्हा काही मागायला तोंड राहत नाही. म्हणून आज मी मॉडेलचे नाव सांगण्याआधी, पैसे खिशातून काढण्यापूर्वी कशाकशाचा विचार करायचा, ते बोलणार आहे. कारण मी स्वतः तो विचार न करता कॅमेरा घेतला होता.

माझ्या अम्मीने बचत गटातून कर्ज काढून मला पैसे दिले. मी मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने बॉडी, १८-५५ ची लेन्स, ५५-२५० ची लेन्स, बॅग, ट्रायपॉड, वर दोन फिल्टर असा सगळा संच बांधून दिला. मला वाटले, केवढे मिळाले! आठ दिवसांनी शेजारच्या मुलीच्या मेहंदीचे काम मिळाले. दहा बाय बाराची खोली, एक ट्यूबलाईट, पंचवीस बायका. लांबची लेन्स त्या खोलीत लावताच येईना. छोटी लावली, तर प्रकाश कमी पडून निम्म्याहून जास्त फोटो हलले. फ्लॅश मारला, तर सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक आणि मागे काळोख. मी पैसे परत केले. गटाचा हप्ता मात्र दीड वर्ष चालू राहिला. ती लांबची लेन्स मी दोन वर्षांत चार वेळाही वापरली नसेल.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. मी माझे काम ओळखले नव्हते आणि कॅमेरा घेतला होता. आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : आधी काम ठरवा, मग कॅमेरा. आणि 'काम' म्हटले की त्यात ज्याचा फोटो काढायचा तो माणूसही आला.

आधी हातातला मोबाईल

पहिला प्रश्न स्वतःला विचारा. मला आत्ता मोबाईलने जे करता येत नाही, ते नेमके काय आहे? याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही, तर अजून कॅमेरा घेऊ नका.

दोन महिने मोबाईलवर काम करा. एकच जागा निवडा. आपल्या मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हा वाद्यांचा व्यवसाय उभा राहिला. पंढरपूर भागातून भोपळे येतात, ते वाळवतात, कापतात, वर लाकूड चढते, नक्षी होते, पॉलिश होते, तारा लागतात. एकाच दुकानात आठ वेळा जा. पहिल्या दिवशी तुम्ही सतारीचा फोटो काढाल. चौथ्या दिवशी कारागिराच्या हातांचा काढाल. आठव्या दिवशी कदाचित तो मान वर करून तुमच्याकडे बघेल आणि तुम्ही योग्य वेळी बोट दाबाल. हे शिकायला कॅमेरा विकत घ्यावा लागत नाही.

पण याच आठ दिवसांत मोबाईल कुठे कमी पडतो तेही कळेल. दुकानाच्या आत अंधार आहे, फोटोला खडबडीत दाणे येतात. कारागीर लांब बसला आहे, झूम केले की चेहरा मेण लावल्यासारखा दिसतो. पटाशी चालते ती वेळ पकडता येत नाही. आता तुमच्याकडे उत्तर आहे. "मला कमी प्रकाशात माणसांचे फोटो काढायचे आहेत" असे तुम्ही म्हणू शकता. हे वाक्य घेऊन दुकानात गेलात तर कुणी तुम्हाला नको ते गळ्यात मारू शकणार नाही.

डीएसएलआर म्हणजे काय, आणि आज घ्यावा का

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या आरशावर पडतो आणि वर डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. 'खटाक' आवाज होतो तो या आरशाचा आणि पडद्याचा. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो. आपण छोट्या पडद्यावर चित्र बघतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये अजिबात आवाज न करता फोटो काढता येतो. निकाहचा खुतबा चालू असताना शांत मशिदीत तो 'खटाक' किती मोठा वाटतो, हे मी तीन वेळा मागे वळून बघितलेल्या काझीसाहेबांच्या नजरेतून शिकले आहे.

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. त्यांचे सगळे लक्ष मिररलेसवर आहे. मग डीएसएलआर घेणे वेडेपणा आहे का? नाही. उलट, लोक जुने विकून मिररलेस घेत आहेत, म्हणून चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स वापरलेल्या बाजारात स्वस्त मिळतात. एका बॅटरीवर ते जास्त वेळ चालतात आणि ओळखीचा दुरुस्तीवाला सापडतो. शिकायला ते उत्तम आहेत. पण एक हिशेब मनात ठेवा. ज्याला पुढची दहा वर्षे यावर पोट भरायचे आहे आणि ज्याच्याकडे पैसे आहेत, त्याने मिररलेसचा विचार करावा. ज्याला आधी हात बसवायचा आहे आणि खिसा छोटा आहे, त्याच्यासाठी वापरलेला डीएसएलआर आजही सगळ्यात शहाणपणाचा.

शंभर रुपयांचा हिशेब

किमती रोज बदलतात, म्हणून मी आकड्याऐवजी वाटा सांगते. हातात शंभर रुपये असतील तर बॉडीवर पन्नासच्या वर घालवू नका. तीस लेन्सला. उरलेले वीस रुपये ज्या गोष्टी दुकानदार कधी सांगत नाही त्यांना : दुसरी बॅटरी, दोन चांगली मेमरी कार्डे, एक हार्ड डिस्क, आणि पावसाळ्यासाठी हवाबंद डबा.

हार्ड डिस्क कशाला, असे वाटेल. २४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात एक रॉ फाईल साधारण २५ ते ३० एमबीची होते. एका लग्नाचे दीड हजार फोटो काढले तर चाळीस जीबी. महिन्याला चार लग्ने केलीत तर घरचा जुना लॅपटॉप दोन महिन्यांत मान टाकतो. आणि लॅपटॉपच नसेल तर तो खर्चही कॅमेऱ्याच्या किमतीत धरा.

मेगापिक्सलच्या मागे लागू नका. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचे पान साधारण बारा बाय अठरा इंचाचे असते. त्याच्या उत्तम छपाईला वीस मेगापिक्सलच्या आत काम भागते. त्यामुळे २४ मेगापिक्सलचा साधा कॅमेरा पुरे. त्यावर पैसे ओतण्यापेक्षा लेन्सवर घाला.

लेन्सचे गणित सोपे आहे. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स पूर्ण झूम केली की तिचे तोंड एफ ५.६ एवढेच उघडते. एफ १.८ च्या लेन्सचे तोंड त्यापेक्षा जवळजवळ दहा पट जास्त प्रकाश आत घेते. ज्या खोलीत माझे फोटो हलले, त्या खोलीत ही लेन्स असती तर काम झाले असते. ५० मिमी एफ १.८ ही लेन्स कॅननलाही आहे, निकॉनलाही आहे आणि दोन्हीकडे ती सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक आहे. पण इथेही थांबा. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे ५० मिमीची लेन्स त्यावर ७५ किंवा ८० मिमीसारखी वागते. एका माणसाच्या चेहऱ्यासाठी छान. छोट्या खोलीत मात्र भिंतीला पाठ टेकली तरी चार बायका एकत्र मावत नाहीत. घरगुती कार्यक्रम करायचे असतील तर निकॉनमध्ये ३५ मिमी एफ १.८ किंवा कॅननमध्ये २४ मिमी एफ २.८ जास्त कामाची. बघा, पुन्हा तिथेच आलो : आधी काम.

बारीक अक्षरांतल्या गोष्टी

काही गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या नसतात आणि नंतर फार त्रास देतात.

निकॉनच्या तीन हजार आणि पाच हजारांच्या मालिकेत, म्हणजे डी३५००, डी५६०० वगैरेंत, बॉडीमध्ये फोकस करणारी मोटर नसते. लेन्समध्येच मोटर हवी. कुणी स्वस्तात जुनी 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लेन्स दिली, तर ती बसेल, फोटोही येईल, पण फोकस हाताने करावा लागेल. नावात 'एएफ-एस' आहे का ते बघून घ्या. 'एएफ-पी' लेन्सचे उलटे आहे, त्या काही जुन्या बॉड्यांवर चालतच नाहीत.

कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या मॉडेलमध्ये वरच्या फ्लॅशच्या पट्टीवरची मधली पिन काढून टाकलेली आहे. त्यामुळे बाजारात मिळणारे बरेच स्वस्त फ्लॅश आणि स्टुडिओचे ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. घरी मुलांचे फोटो काढणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. ज्याला लग्नाची कामे धरायची आहेत, त्याचे मात्र हजारो रुपये यात अडकतात. फ्लॅश घेणार असाल तर दुकानातच, तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून बघा.

वापरलेला घेताना

मुंबईत सीएसएमटीजवळ बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकाने आहेत, तिथे वापरलेला मालही मिळतो. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणीही एखादा जुना स्टुडिओवाला कॅमेरा विकत असतो. घाई करू नका, आणि दिवसाउजेडी जा.

कॅमेऱ्याने किती फोटो काढले ते विचारा. त्याला शटर काउंट म्हणतात. निकॉनच्या सुरुवातीच्या मॉडेलचा पडदा एक लाख वेळा उघडमीट होईल अशा बेताने तपासलेला असतो. ऐंशी हजार झालेला कॅमेरा उद्याच बंद पडेल असे नाही, पण भाव त्याप्रमाणे उतरला पाहिजे. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाईलमध्येच लिहिलेला सापडतो. कॅननमध्ये बहुतेक वेळा कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो.

लेन्स हातात घ्या, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती लेन्स घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. कोकणातल्या मित्रांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा कापडी बॅगेत ठेवला की बुरशी आलीच. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरणे, एवढा उपाय पुरतो.

मग एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे डाग दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण तेवढे पैसे कमी करून घ्या. शेवटी बिल मागा आणि बॉडीवरचा क्रमांक बिलाशी जुळवा. बिल नसलेला कॅमेरा चोरीचा निघाला, तर पोलीस चौकीत उत्तर तुम्हाला द्यावे लागेल, आणि आपल्या पोरांना तिथे किती प्रश्न विचारले जातात हे मी सांगायला नको.

कर्ज, आणि घरचा विरोध

दुकानात 'बिनव्याजी हप्ता' अशी पाटी असते. आपल्यातले काही जण व्याज नको म्हणून हा मार्ग घेतात. कागद नीट वाचा. बऱ्याचदा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क लागते. नाव काहीही दिले तरी ते पैसे तुमच्याच खिशातून जातात. माझे मत असे, की ज्या कॅमेऱ्याने अजून एक रुपया कमावलेला नाही त्यासाठी कर्ज काढू नये. आधी एखाद्या स्टुडिओत मदतनीस म्हणून जा, भाड्याने कॅमेरा घेऊन दोन कामे करा. भाडे सुटून चार पैसे उरले, तर मग विकत घेण्याचे बोला.

दुसरा विरोध धर्माच्या नावाने होतो. फोटो काढणे जायज आहे का, असे विचारतात. यावर आलिमांमध्येही एकमत नाही. पण माझे साधे म्हणणे असे, की पासपोर्टच्या फोटोशिवाय हजला जाता येत नाही आणि आधारच्या फोटोशिवाय रेशनचे काम अडते. घरातल्या मुलीने कॅमेरा धरला की मात्र प्रश्न उभा राहतो. दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी अंधाऱ्या खोलीच्या छोट्या छिद्रातून प्रकाश सोडून तो कसा जातो, प्रतिमा कशी पडते, याचे प्रयोग केले आणि 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. कॅमेऱ्याच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतात. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही, एवढे घरी शांतपणे सांगा. भांडू नका. पहिला फोटो आजीचा काढा, छापून तिच्या हातात द्या. माझ्या घरातला विरोध त्या एका फोटोने निम्मा झाला.

मुलींना मी आणखी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे मेहंदीला, हळदीला, जनान्यात पुरुष फोटोग्राफर चालत नाही, आणि फोटो तर सगळ्यांना हवे असतात. हे काम तुमची वाट बघत आहे. मी स्वतः यावर घर चालवते. पण याच कामात सगळ्यात मोठी जबाबदारी आहे, आणि ती कॅमेरा घेण्याआधी समजून घ्यावी लागते.

फोटो ही अमानत

जनान्यातल्या बायका माझ्यासमोर मोकळ्या होतात. कुणाचा पदर खाली, कुणाचे केस मोकळे, कुणी नाचतेय. त्या माझ्या कॅमेऱ्यावर नव्हे, माझ्यावर भरवसा ठेवतात. मग ते फोटो अल्बम बनवायला दुसऱ्या शहरातल्या एखाद्या मुलाकडे पाठवायचे का? सुरुवातीला मी पाठवले. एका नवरीच्या आईने विचारले, "बेटा, हे फोटो आणखी कुणी बघितले?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी अल्बमची मांडणी स्वतः शिकले. म्हणून म्हणते, जनान्याचे काम धरणार असाल तर कॅमेऱ्याबरोबर लॅपटॉपचा आणि तेवढे शिकण्याचाही खर्च धरा.

काम घेताना कागदावर तीन ओळी लिहून घ्या : फोटो कोण बघणार, किती प्रती होणार, माझ्याकडच्या फाईल मी कधी पुसणार. जाहिरातीसाठी एकही फोटो विचारल्याशिवाय टाकायचा नाही. नवऱ्या मुलाने 'हो' म्हटले म्हणजे नवरीने म्हटले असे होत नाही. तिला वेगळे विचारा. आणि कधी कॅमेरा विकलात, तर मेमरी कार्ड सोबत देऊ नका. कार्ड फॉरमॅट केले की फोटो गेले असे आपल्याला वाटते, पण साध्या सॉफ्टवेअरने ते परत काढता येतात. दुसऱ्याच्या घरची अब्रू दोनशे रुपयांच्या कार्डाबरोबर विकू नका.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला, समाजमाध्यमांवरून मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडणारी दोन ॲप्स निघाली. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. अशी गोष्ट घडली की घरोघरी एकच निष्कर्ष निघतो : मुलींनी फोटो काढूच नयेत, काढून घेऊच नयेत. मला तो मान्य नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत काढलेल्या मोर्चात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. तोंडी तलाकच्या विरोधात त्या आपल्या मर्जीने लोकांसमोर आल्या. त्या ॲपवरच्या स्त्रियांना मात्र कुणी विचारले नव्हते. स्वतःच्या मर्जीने दिसणे आणि कुणीतरी ओढून दाखवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅमेरा धरणाऱ्याला तो कळलाच पाहिजे. चोरून एखाद्या स्त्रीच्या खासगी क्षणाचे चित्रण करणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे.

आता थोडे आपल्याबद्दल, म्हणजे चळवळीत काम करणाऱ्यांबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली-मिरजेची काय दशा केली ते तुमच्यातल्या अनेकांनी भोगले आहे. मदत भरपूर आली. त्यात आपले लोकही पुढे होते, याचा अभिमान आहे. पण मी तेव्हा एका वाटपाच्या ठिकाणी कॅमेरा घेऊन उभी होते. एक बाई, जिचे स्वतःचे दुकान पाण्यात गेले होते, किट हातात घेऊन उभी होती, आणि चार जण तिला म्हणत होते, "इकडे बघा, जरा हसा." मी तो फोटो काढला. तो छापूनही आला. ती बाई आजही मला बाजारात दिसते आणि मान दुसरीकडे वळवते. दान देऊन उपकार दाखवू नये ही आपल्याच धर्माची शिकवण. तरी रमजानमध्ये किट वाटपाचे किती फोटो आपण टाकतो! देणाऱ्यांचे हात दाखवा, पोत्यांची रास दाखवा, ट्रक उतरवणारी पोरे दाखवा. घेणाऱ्याचा चेहरा त्याने स्वतःहून परवानगी दिल्याशिवाय नको. हा नियम आपल्या प्रत्येक शाखेने करावा, अशी माझी विनंती आहे.

मग फोटो काढायचेच कशाला?

कारण आपण काढले नाहीत तर दुसरे काढतात. आपल्या मोहल्ल्याचे बातम्यांत येणारे फोटो आठवून बघा. पाठमोरे बुरखे, टोप्यांची रांग, दंगलीनंतरची काच. सतार घडवणारा कारागीर, रात्रशाळेत शिकवणारी बाई, कबड्डी खेळणाऱ्या मुली त्यात क्वचितच दिसतात. हे फोटो जो आत राहतो त्यालाच चांगले काढता येतात.

दानिश सिद्दीकी हे नाव तुम्हाला ठाऊक असेल. दिल्लीच्या जामिया मिलियात शिकलेला तरुण. आधी दूरचित्रवाणीचा बातमीदार, नंतर रॉयटर्सचा छायाचित्रकार. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या चमूत तो होता. होडीने बांगलादेशच्या किनाऱ्याला लागलेली, थकून गुडघ्यावर बसलेली आणि हाताने जमिनीला स्पर्श करणारी ती स्त्री, हा त्याचा फोटो जगाने बघितला. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात काम करताना तो मारला गेला. तो फोटो बघताना कॅमेरा कोणता होता हे कुणाच्या मनातही येत नाही. ती स्त्री मनात राहते.

शेवटी दोन सूचना करून थांबते.

पहिली तुम्हाला. आजपासून साठ दिवस मोबाईलवर एकच विषय घ्या, आणि वीस फोटो निवडून छापून आणा. वीस जमले, आणि आणखी काढावेसे वाटले, तर कॅमेऱ्याची वेळ आली असे समजा. जमले नाहीत, तर अब्बांचे चाळीस हजार वाचले. तेही काही कमी नाही.

दुसरी संयोजकांना. प्रत्येकाने वेगळा कॅमेरा घेण्याऐवजी शाखेने वर्गणी काढून एक वापरलेला डीएसएलआर, एक एफ १.८ ची लेन्स आणि दोन बॅटऱ्या घ्याव्यात. एक वही ठेवावी. कोणी नेला, कशासाठी नेला, कधी परत केला, ते त्यात लिहावे. मुलींची नावे त्या वहीत आधी यावीत, कारण मुलांना उसना कॅमेरा कुठूनही मिळतो. ज्या मुलीच्या घरून 'एकदाच' म्हणून पैसे मिळणार आहेत, तिने ते खर्च करण्याआधी सहा महिने या कॅमेऱ्यावर हात बसवावा. माझी ती लांबची लेन्स अजून कपाटात आहे. तपासून घेतली आहे, बुरशी नाही. ती मी या साझ्या कॅमेऱ्यासाठी आजच देते आहे. मैदानावर कबड्डी खेळणाऱ्या मुलींचे फोटो काढायला ती फार छान आहे.